दातृत्व आणि नफा : सावंतवाडीच्या गंजिफा-उद्योगाच्या निमित्ताने

समाजहिताची जाणीव ठेवून चालविलेल्या उद्योगात दातृत्वास किती वाव द्यावा आणि नफ्यास किती, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा मानला जातो. वस्तुतः तो प्रथम हिशेबाचा प्रश्न आहे. दान कोणाला, कोणाच्या पदरचे आणि किती मुदतीपर्यंत, याची नोंद स्वतंत्रपणे झाली की नीतीचा बराचसा गुंता सुटतो. ती झाली नाही, तर सद्‌हेतूने उभारलेला उद्योगही डळमळू लागतो. या विधानाच्या स्पष्टीकरणार्थ सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथील गंजिफा-उद्योगाचे उदाहरण येथे घेतले आहे.

१. पार्श्वभूमी

गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले वाटोळे पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आढळते. मोगली गंजिफेत आठ रंग व ९६ पत्ते असत. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचा एक याप्रमाणे दहा रंग असून, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंतचे पत्ते असे बारा, म्हणजे एकूण १२० पत्ते असतात. सावंतवाडीस हे काम चितारी कारागिरांच्या हाती होते. त्यांच्या वस्तीवरून ओळखली जाणारी चितार आळी लाकडी खेळणी व रंगीत फळे यांसाठी आजही प्रसिद्ध आहे.

स्वस्त छापील पत्ते आल्यावर गंजिफेचे गिऱ्हाईक हटले. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी ही विद्या जाणणारे कारागीर जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळी राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्या साहाय्याने ही कला पुन्हा उभी केली. राणीसाहेब स्वतः ती शिकल्या. ‘सावंतवाडी लॅकर वेअर्स’ या नावाने राजवाड्यातच कार्यशाळा सुरू झाली.

या घटनेचा काल ध्यानात घेण्याजोगा आहे. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. राज्याश्रयाच्या काळी कलेवरील खर्चाची परतफेड अपेक्षित नसे; तो खर्च राजाच्या लौकिकाचा भाग होता. नव्या परिस्थितीत कारागिराचा चरितार्थ विक्रीवर अवलंबून राहणे अपरिहार्य झाले. आश्रयाकडून उद्योगाकडे झालेले हे स्थित्यंतर हाच आपल्या विवेचनाचा गाभा आहे.

२. दानाचे तीन छुपे मार्ग

अशा उद्योगात दान तीन वाटांनी नकळत शिरते. पहिली वाट वेतनाची. कारागिरास योग्य रोज दिला की चालकास आपण उपकार केला असे वाटू लागते. परंतु श्रमाचा वाटा आणि दान यांतील भेद कोकणच्या किनाऱ्यास चांगला परिचित आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यास हात लावणाऱ्यास मासळीतून वाटा मिळतो आणि त्यास कोणी भीक म्हणत नाही. योग्य वेतन हा उत्पादनाचा खर्च होय; तो दानखाती मांडणे हे कारागिराचा मान कमी करणारे आहे.

दुसरी वाट किमतीची. परवडत नसताना वस्तू स्वस्त विकली, तर दान कारागिरास न पोचता ग्राहकास पोचते, आणि हा ग्राहक बहुधा सुस्थितीतला असतो. उलट केवळ सहानुभूतीच्या बळावर भरमसाट किंमत लावली, तर ग्राहक एकदा घेतो आणि पुन्हा फिरकत नाही.

तिसरी वाट चालकाच्या त्यागाची. चालक स्वतःची जागा व श्रम विनामूल्य देतो, तेव्हा हिशेबात दिसणारा नफा खरा नसतो. पुढील पिढीने तो त्याग करण्याचे नाकारले की उद्योगाचा खरा तोटा एकाएकी उघडा पडतो.

३. एक कल्पित हिशेब

विषय स्पष्ट व्हावा म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. कुशल कारागिरास एका संचासाठी २० दिवस लागतात. रोज ६०० रुपये धरल्यास मजुरी १२,००० रुपये होते. साहित्य १,००० व इतर खर्च ३,००० मिळून एकूण खर्च १६,००० रुपये येतो. संच १८,००० रुपयांस विकला, तर शिल्लक २,००० रुपये.

आता एक उमेदवार शिकण्यासाठी घेतला. त्यास ३५ दिवस लागतात आणि रोज ४०० रुपये द्यावयाचे आहेत. मजुरी १४,००० रुपये, एकूण खर्च १८,००० रुपये. पण काम कच्चे असल्याने संचास १२,००० रुपयेच येतात. तूट ६,००० रुपयांची. म्हणजे उमेदवाराच्या एका संचामागे कुशल कारागिराचे तीन संच विकले जावे लागतात, आणि गंगाजळीसाठी चौथा.

येथे नफा हा दानाचा प्रतिस्पर्धी राहत नाही; किती उमेदवार पोसता येतील याचे ते माप ठरते. माप न पाहता दहा उमेदवार घेणारा चालक अधिक उदार नसून, त्या दहांसह कुशल कारागिरासही संकटात लोटणारा असतो.

४. एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल की, नफा झाल्यावरच दान करावयाचे ठरविले असते, तर गंजिफा कधीच नामशेष झाली असती. हा आक्षेप रास्त आहे. शिकविणारा वृद्ध होता आणि नफ्याची वाट पाहण्यास अवधी नव्हता. ज्ञान एकाच्या हाती उरले असता दान आधी करावे लागते. मात्र ते आरंभीचे भांडवल समजावे, त्याचा हेतू व मुदत ठरवावी, आणि चालू तोटा भरून काढण्याचे ते कायमचे साधन होऊ देऊ नये.

इतरत्रचे अनुभव याच दिशेने जातात. गांधीजींच्या आग्रहावरून अखिल भारत चरखा संघाने १९३५ साली कातणाऱ्यांची मजुरी जीवनवेतनाच्या दिशेने वाढविण्याचे ठरविले. त्यामुळे खादी महागणे क्रमप्राप्त होते. परंतु वाढीव किंमत कशासाठी हे घेणाऱ्यास उघडपणे सांगितलेले होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नेही विशिष्ट मर्यादेवरील कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्यास सांगितले आहे. येथे दान नफ्यानंतर आणि स्वतंत्र नोंदीने येते. लहान हस्तोद्योगांस हे कलम सहसा लागू होत नाही. तथापि स्वतंत्र नोंदीची शिस्त त्यांनी स्वेच्छेने पाळण्यासारखी आहे.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात : योग्य वेतन दानात मोजू नये, चालकाची जागा व श्रम यांचे मूल्य हिशेबात दाखवावे, प्रशिक्षणाची तूट स्वतंत्र खाती लिहून ती शिलकेशी ताडून पाहावी, आणि आरंभीच्या दानास मुदत घालावी. सिंधुदुर्गातील लाकडी खेळणी, काथ्या व काजूप्रक्रिया या धंद्यांचा अशा चौकटीत अभ्यास होण्यास पुष्कळ वाव असून, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो हाती घेतल्यास उपयुक्त सामग्री उपलब्ध होईल. कारागिरास दयेपेक्षा पुढील वर्षीच्या मागणीची निश्चिती अधिक मोलाची असते, आणि ती निश्चिती स्वतःच्या पायावर उभा असलेला उद्योगच देऊ शकतो.