रंगाखालचा पत्रा



2017 साली ज्या गावातून शेतकऱ्यांचा संप निघाला, त्या पुणतांब्यात कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावयास उभे राहावे आणि विषय मात्र शौकीन लोकांच्या जुन्या मोटारींचा घ्यावा, हे आपल्यापैकी कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु हा शौक आता मुंबईच्या जुन्या घराण्यांपुरता राहिलेला नाही. आपल्या भागातील मुले पुण्याला, मुंबईला, परदेशात नोकरीस लागली, हाती चार पैसे खेळू लागले, आणि चित्रात पाहिलेली दोन आसनांची, उघड्या टपाची एम. जी. किंवा ट्रायम्फ आपल्याही दारी असावी असे त्यांच्यापैकी काहींना वाटू लागले. त्यात गैर काहीच नाही. गैर एवढेच की, लोणीच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याखेरीज, त्याला चार पावले चालविल्याखेरीज जो बाप दावणीला हात लावीत नसे, त्याचा मुलगा लाखोंची मोटार नुसता रंग पाहून घेतो आणि विसार देऊन मोकळा होतो. रंगविलेली शिंगे पाहून कोणी बैल घेतो काय?

प्रथम 'रिस्टोअर' केलेली मोटार म्हणजे काय ते पाहू. आपण तिला जीर्णोद्धार केलेली म्हणू. खरा जीर्णोद्धार म्हणजे गाडीचा सांगाडा मोकळा करावयाचा, प्रत्येक भाग सोडवून धुवावयाचा, मोजावयाचा, झिजला असेल तो बदलावयाचा आणि मग जुळणी करावयाची. साखर कारखान्यांत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. गाळप संपले की बिगर हंगामात गिरणीचे रोलर, बेअरिंगे उघडतात. बाहेरून नुसता रंग मारून पुढचा हंगाम काढता आला असता, तर इतके फिटर पगारावर ठेवलेच नसते! बाजारात मात्र दोन्ही प्रकारच्या मोटारी एकाच नावाने विकल्या जातात. एकीत दोन वर्षांचे काम असते, दुसरीत दोन महिन्यांचा रंग.

हा फरक ओळखण्याची पहिली जागा पत्रा होय, इंजिन नव्हे. इंजिन उतरवून दुरुस्त करता येते. पत्रा सडला असेल तर मोटारीचा कणाच गेला. एम. जी. बी. ही 1962 ते 1980 या काळात इंग्लंडात तयार झालेली गाडी घ्या. तिला खाली निराळी चौकट नाही. पत्र्याचे कवच हीच तिची चौकट. दाराखाली लांबलचक पोकळ पट्टी असते, तिला सिल म्हणतात. ही पट्टी आतून गंजते, आणि बाहेरून ती सुंदर दिसावी म्हणून तिच्यावर दुसरा पत्रा चढवून वर पुट्टी भरतात. आमचे गॅरेजवाले पुट्टीला 'लांबी' म्हणतात. त्यावर घासकाम करून रंग मारला की ती पट्टी आरशासारखी चमकते, पण गाडीचा भार पेलण्याची ताकद तिच्यात राहिलेली नसते.

याची परीक्षा सोपी आहे. एक लहानसा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावा व सिल, चाकावरील कमान आणि दाराचा खालचा भाग यांवरून हलकेच फिरवावा. पत्र्यावर तो चिकटतो; पुट्टीचा जाड थर असेल तेथे सुटतो. मग बोटाने वाजवून पाहावे. कुंभाराकडून मडके घेताना आपल्या आया-आजी जे करीत तेच हे. त्यानंतर मालकाच्या परवानगीने गाडीला बाजूने जॅक लावून ती थोडी उचलावी आणि दार उघडून मिटून पाहावे. उचलताच दाराची फट कमी-जास्त झाली, दार अडकू लागले, तर गाडी मधोमध वाकते आहे असे समजावे. अशी गाडी भरधाव वेगात एखाद्या खड्ड्यात आपटली, तर आतल्या माणसांचे काय होईल याचा विचार घेणाऱ्याने एकदा तरी करावा.

प्रत्येक गाडीचे मर्मस्थान मात्र निराळे असते. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या एम. जी. टी. सी. व टी. डी. या गाड्यांत पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा आहे. तेथे गंजाइतकीच कुजलेल्या लाकडाची भीती. अर्धवट उघडलेले दार धरून वरखाली हलवावे. खुंटा ढिला झाला असेल तर हाताला लगेच कळते. ट्रायम्फ स्पिटफायरला खाली निराळी चौकट असली, तरी दाराखालच्या पट्ट्या तिलाही भार वाहण्यास लागतात. गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची एक दोन आसनी मोटार तयार होत असे, तिचे अंग फायबर काचेचे. तिच्यावर लोहचुंबक चालणार नाही. तिथे खाली शिरून पोलादी सांगाडाच पाहावयास हवा.

आता इंजिनाकडे वळू. आपल्या देशात या बाबतीत एक मजेशीर गोष्ट घडली आहे. एम. जी. ए. या 1955 साली निघालेल्या मोटारीचे पहिले इंजिन 1489 घन सेंटिमीटरचे होते. त्याच घराण्यातले, त्याच मापाचे इंजिन आपल्या उत्तरपाड्याच्या अँबॅसडर गाडीत कित्येक वर्षे बसत असे. परदेशी सुटे भाग मिळण्याची मारामार होती त्या दिवसांत आमच्या मेकॅनिकांनी ही सोयरीक ओळखली आणि अनेक गाड्या जिवंत ठेवल्या. ही त्यांची हुशारी मी कमी लेखणार नाही. परंतु अँबॅसडरला एक कार्ब्युरेटर, एम. जी.ला दोन, आतील घडणीतही फरक. तेव्हा अँबॅसडरच्या इंजिनाची एम. जी. ही चालणारी मोटार खरी, पण अस्सल मोटारीच्या भावाने ती विकणे ही लबाडी होय. तोच प्रकार स्पिटफायरचा. मद्रासला 1961 पासून निघालेली स्टँडर्ड हेराल्ड ही तिची बहीण, दोघींचे रेखाटन एकाच इटालियन कलावंताचे, मिकेलोत्तीचे. हेराल्डचे इंजिन होते 948 घन सेंटिमीटरचे आणि स्पिटफायरचे सर्वांत लहान 1147 चे. बहिणीचे दागिने अंगावर घातले म्हणून माणूस बदलत नाही, पण किंमत ठरविताना दागिने कोणाचे हे विचारावेच लागते.

त्याचे उत्तर क्रमांकांत असते. आर. टी. ओ.त चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, तसा छाप आपणही घ्यावा आणि आर. सी. बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. आकडे वेडेवाकडे, घासलेले, भोवतालचा पत्रा नव्याने जोडलेला दिसला तर तेथेच बोलणी थांबवावीत. एम. जी. गाड्यांची मूळ दप्तरे इंग्लंडात गेडन येथील मोटार संग्रहालयात जपलेली असून शुल्क भरल्यास बहुतेक गाड्यांचा दाखला मिळू शकतो. मूळ रंग कोणता, इंजिन क्रमांक कोणता, गाडी कारखान्यातून कधी निघाली, हे त्यात असते. कारखान्याचे मस्टर नीट ठेवले की साठ वर्षांनंतरही ते साक्ष देते.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून पाहावे. आपण जाण्यापूर्वीच मालकाने ते तापवून ठेवले असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते. मग चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, दोन तास बसावे. सुरू होताना निळा धूर आला तर तेल जळते आहे. तेलाच्या दाबाचा काटा इंजिन तापल्यावर कोठे उतरतो तेही पाहावे. स्पिटफायरच्या बाबतीत दुसऱ्या माणसास क्लच दाबावयास सांगून आपण पुढची पुली पाहावी. क्लच दाबताच ती डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर आतील वॉशर झिजले आहेत आणि खर्च मोठा आहे. तारांची चाके असतील तर प्रत्येक तार नाण्याने वाजवावी. ढिली तार बद्द वाजते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे हे तर कोणत्याही गाडीत पाहतोच.

एवढे झाल्यावर मालकाला काम चालू असतानाची छायाचित्रे मागावीत. उघडा सांगाडा, कापलेला गंज, नवा पत्रा, वेल्डिंग, हे सारे रंगाखाली गेल्यावर पुन्हा दिसणार नसते, म्हणून प्रामाणिक माणूस त्याची छायाचित्रे ठेवतोच. बिले मागावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, पत्रेकाम कोणी केले ते विचारून त्या कारागिराला जाऊन भेटावे. हे कोणी करीत नाही. हस्तिदंती रंगाची गाडी पाहावयास लोक मुंबईहून येतात, पण ज्याने हातोडीने तिची कमान घडवली त्याच्या खोपटापर्यंत कोणी जात नाही.

मी माझ्या धंद्यात शिकलेली एक गोष्ट येथे लागू पडते. पुट्टी भरणारा कारागीर लबाड असतो असे नाही. त्याला रोजाने, तासाने पैसे मिळाले तर तो कुजलेला पत्रा कापतो, नवा ठोकून बसवितो, वेल्ड करून घासतो. अमुक रकमेत अमुक दिवसांत गाडी चकचकीत करून दे, असा ठेका दिला तर तोच माणूस पुट्टी भरतो, कारण त्याच्या मुलाबाळांना तेवढ्याच पैशांत जेवावयाचे असते. म्हणून त्याला भेटल्यावर "काम चांगले केलेस का?" असे विचारू नये, "किती दिवस लागले आणि पैसे कसे ठरले होते?" असे विचारावे. त्या उत्तरातून रंगाखाली काय आहे याचा बराचसा अंदाज येतो.

मोह आवरत नसेल पण खिसा आवरत असेल, तर आपल्या कुर्ल्याच्या जुन्या फियाटकडे वळावे असे मी सुचवीन. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली, लोक जिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत, ती गोलमटोल गाडी शर्यतीची नव्हे हे खरे. पण तिला ओळखणारे हात अजून आपल्या महाराष्ट्रात आहेत, आणि वरील सर्व परीक्षा तिलाही लागू आहेत.

शेवटी कागद. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी मोटारींसाठी निराळी नोंदणी सुरू केली. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, नूतनीकरणास पाच हजार, मुदत दहा वर्षे. चेसिस, कवच किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेल्या गाडीला ही सवलत नाही, म्हणजे अँबॅसडरच्या इंजिनाचा प्रश्न पुन्हा येथे आडवा येतो. शिवाय अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांसाठीच काढावयाची. परदेशातून आलेल्या गाडीचे सीमाशुल्क भरल्याचे कागदही मागून घ्यावेत. गाडी दुसऱ्या आर. टी. ओ.कडील असेल तर तेथील ना-हरकत दाखला आणि विक्रेत्याच्या सहीचे 29 व 30 क्रमांकाचे नमुने हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये. श्रीरामपूरच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याची वेळ मग विक्रेत्यावर येत नाही, घेणाऱ्यावर येते.