पैदाशीचं डुक्कर विकत घेताय? फक्त रिपोर्ट पाहू नका
सोलापूर जिल्हा कर्नाटकला लागून आहे, आणि रोगाला सीमा कळत नाही. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही. पण डुकरांचे कळपच्या कळप संपतात, कारण त्यावर औषध नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगाचा संशय आला, तर मालकाने कळवणं बंधनकारक आहे. आजारी जनावर बाजारात आणायलाही बंदी आहे.

खरी अडचण धडधाकट दिसणाऱ्या नराची. लक्षणं दिसायला पंधरा-वीस दिवसही लागतात, त्यामुळे नुकतीच लागण झाली असेल तर रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून नवा नर महिनाभर कळपापासून वेगळा ठेवा. हॉटेलचं उरलंसुरलं अन्न (हा रोग त्यातूनही येतो!) नीट उकळल्याशिवाय देऊ नका.