मिकी माऊसच्या घरची नोकरी

बालमित्रांनो, मिकी माऊस तुम्हां सर्वांच्या ओळखीचा. पण त्याच्या घरी, म्हणजे अमेरिकेतल्या ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमध्ये, एकदा काय घडले ठाऊक आहे? २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या संगणक विभागातल्या सुमारे २५० जणांना नोकरी जाणार असल्याचे कळवण्यात आले. वर त्यांच्याकडे एक काम दिले. त्यांच्या जागी येणाऱ्यांना सगळे शिकवायचे! येणाऱ्यांत थोड्या मुदतीच्या व्हिसावर आलेले भारतीय होते. कंपनी म्हणाली, आम्ही इतर नोकऱ्या वाढवल्या आहेत. पण ज्याची खुर्ची गेली त्याला काय वाटले असेल?

तुम्ही म्हणाल, "सर, त्याचा आपल्या नाचणगावशी काय संबंध?" आहे, बरं का! शेजारच्या पुलगाव स्टेशनवरून पुण्या-मुंबईला शिकायला जाणारा दादा किंवा ताई उद्या अमेरिकेलाही जाऊ शकते. तिथे लागतो एच-वन-बी व्हिसा. १९९० च्या कायद्याने तो सुरू झाला. कंपन्यांसाठी वर्षाला ६५,००० जागा आणि तिथल्या विद्यापीठात वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा असतात. दहांपैकी सातच्या वर व्हिसे भारतीयांनाच मिळतात.

कायदा सांगतो की परदेशी माणसाला तिथल्या माणसापेक्षा कमी पगार देऊ नका. मग भांडण कशाचे? एक म्हणजे, बहुतेक कंपन्यांना आधी गावच्या उमेदवाराला विचारण्याची सक्ती नाही. दुसरे, पाहुण्याची नोकरी गेली तर फार तर ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर परत फिरावे लागते. म्हणून तो जास्त काम पडले तरी गप्प बसतो. मालकाला असा गप्प माणूस आवडणारच!

आता आपल्या शिवारात या. समजा, कापूस वेचायला बाहेरगावचे मजूर आणले आणि किलोमागे कमी भाव दिला. गावातल्या बायांचे काम जाईल. मग त्या कोणावर चिडतील? समोर दिसणाऱ्या मजुरावर! पण भाव त्याने ठरवला होता का? दोघांनाही सारखा भाव मिळाला, तर मालक स्वस्त माणूस शोधणार नाही, लागेल तेवढीच माणसे बोलावील.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने परदेशातून बोलावायच्या नव्या माणसामागे कंपनीवर १ लाख डॉलर शुल्क लावले. दार अरुंद झाले, पण आत आलेल्याची भीती काही गेली नाही.

तेव्हा मुलांनो, खूप शिका, दूर जा. पण जिथे जाल तिथे आपले मोल कमी करू देऊ नका. आणि आपल्या गावी कोणी पोटासाठी आला, तर त्याला हाकलण्याआधी एक प्रश्न विचारा, "दादा, तुला मजुरी किती देतात?" आज घरी आई-बाबांनाही विचारून पाहा, त्यांना काय वाटते!