भाता थांबला की सूर का थांबतो?

वरळीच्या बीडीडी चाळीत गणपतीचं भजन रंगात आलेलं असताना पेटीवाल्याचा हात भात्यावरून क्षणभर सुटला, तरी सूर तुटत नाही. अकॉर्डियनवर मात्र भाता थांबताच सूर थांबतो. असं का?

दोन्ही वाद्यांचा प्राण एकच, रीड. म्हणजे एका टोकाला घट्ट बसवलेली धातूची पातळ पट्टी. हवा वाहिली की ती थरथरते आणि सूर उमटतो. पट्टी लांब असेल तर खर्जातला, आखूड असेल तर तारसप्तकातला.

फरक हवेच्या साठ्यात आहे. पेटीच्या पोटातला दुसरा भाता स्प्रिंगच्या दाबाने साठलेली हवा सोडत राहतो. अकॉर्डियनमध्ये तसा साठा नसतो. हाताचा दाब थेट रीडपर्यंत पोचतो. म्हणून सूर फुलवता येतो, पण नवशिक्याचा डळमळता हातही लगेच ऐकू येतो.

पियानो अकॉर्डियनच्या प्रत्येक सुराला उघडताना एक आणि मिटताना दुसरी रीड वाजते. त्यामुळे दोन्ही दिशांना सूर तोच. दिशा बदलायची ती बोलताना आपण श्वास घेतो तशी, ओळ संपल्यावर.

डाव्या हाताची बटणं वाजवणाऱ्याला दिसत नाहीत; मोठ्या वाद्यावर ती 120 असतात. त्यातल्या ‘सी’ बटणावर बोटाला कळेल अशी खूण असते. त्याला सा मानलं, तर वर पंचम आणि खाली मध्यम. एवढ्यावर कितीतरी सोप्या गाण्यांची साथ होते.

शिकताना आधी एकच सूर धरा आणि भाता सावकाश उघडा, मिटा. सूर स्थिर झाला की बोटं वळवणं सोपं जातं.