पकड सुटलेली पेशी

पोरांनो, आज गोष्ट आहे एका पेशीची, जिचे पाय जागेवरून उखडले.

आपल्या कातडीतली, आतड्याच्या अस्तरातली पेशी नुसती बसलेली नसते, पाय रोवून असते. तिच्या आवरणातून आरपार गेलेली प्रथिनं असतात, त्यांचं नाव इंटिग्रिन. बाहेरचं टोक आजूबाजूच्या फायब्रोनेक्टिन, लॅमिनिनच्या जाळीला धरून, आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला जोडलेलं. रिचर्ड हाइन्स यांच्या प्रयोगशाळेनं १९८६ मध्ये हे नाव रूढ केलं. तुम्ही म्हणाल, म्हणजे डिंकच की! तसं नाही. पकड घट्ट असेतोवर इंटिग्रिन आत निरोप धाडत असतं, ‘सगळं ठाकठीक आहे’. एम-टॉर नावाचं प्रथिन त्यावर खूश असतं. ते वाढीचं काम चालू ठेवतं आणि स्वभक्षण, म्हणजे ऑटोफॅजी, दाबून धरतं.

आता पकड सुटली. निरोप थांबला. एम-टॉर ढिलं पडलं की पेशीच्या आत दुहेरी पडद्याची एक वाटी उगवते. कधी झिजलेली मायटोकाँड्रिया, कधी गोळा झालेली निकामी प्रथिनं तिच्या पोटात सापडतात, वाटीचं तोंड मिटतं आणि ती लायसोसोम नावाच्या पिशवीला जाऊन मिळते. तिथल्या आम्लात आणि विकरांत सगळं विरघळून सुटी अमिनो आम्लं होतात, पेशी ती पुन्हा वापरते. नोकरी सुटलेला माणूस घरातली रद्दी-भंगार विकून चार दिवस काढतो ना, तसंच. यीस्टला उपाशी ठेवून ही यंत्रणा आणि तिची जनुकं उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी, त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

पण आपली पेशी उपाशी कुठं होती? खरी गंमत तीच. कॅलिफोर्नियात जयंत देबनाथ यांच्या गटानं २००८ मध्ये स्तनाच्या अस्तरातल्या पेशी कशालाच चिकटू दिल्या नाहीत, तर स्वभक्षण वाढलं. मग नुसत्या प्रतिपिंडानं बीटा-१ इंटिग्रिन अडवून पाहिलं, तरी वाढलं! पुढं त्यांनी स्वभक्षणाची जनुकंच मुकी केली. तेव्हा सुटलेल्या पेशी जास्त मेल्या, आणि परत चिकटायची संधी दिल्यावर सावरणाऱ्या कमी निघाल्या. एरवी आधार सुटलेली पेशी आत्महत्या करते. स्वभक्षण तिला मुदत मिळवून देतं. मला तर हे व्यवहारी हिशेबासारखं वाटतं: आधार परत मिळाला तर ठीक, नाही तर मरण आहेच.

ही मुदत कॅन्सरच्या पेशीलाही मिळते, हे मात्र वाईट. गाठीतून सुटून रक्तात वाहणाऱ्या पेशीला कुठंच पाय टेकायला नसतो. म्हणून स्वभक्षण बंद करणारं औषध द्यावं, असं सुचतं. पण निरोगी पेशीत हेच काम बिघडलेला माल साफ करून गाठ होऊ देत नाही. त्यामुळं डॉक्टरांना जपून पावलं टाकावी लागतात.

आणि हिशेब उलटाही चालतो बरं. जखम भरताना पेशी सरकतात, तेव्हा पकड सोडावीच लागते. तिथं स्वभक्षण त्या पकडीच्या जागी पोहोचतं आणि एन-बी-आर-१ नावाच्या प्रथिनाच्या मदतीनं पकडीची जुळणी मोडतं. पेशी मोकळी होते, पुढं नवी पकड घेते.