छत्रातली मुले आणि वर्गातले हक्क

१८०१ साली तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. निदान यात्रेकरूंच्या अन्नछत्रांची घडी तरी मोडू नये, ही राजांची कळकळ होती. म्हणून छत्रांत काय चालते याची हकिगत त्यांनी तपशीलवार कळवली. वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध हे त्यात आहेच. पण प्राथमिक शिक्षकाने मुद्दाम वाचावा असा मजकूर पोरक्या मुलांविषयीचा आहे. परमुलुखातल्या वाटसरूंची अनाथ मुले छत्रातल्या पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांतून एकदा तेल लावून न्हाऊमाखू, अंगाला कपडे आणि गरजेला औषध मिळे. शिवाय ज्या विद्येकडे मुलाचा ओढा दिसेल, ती त्याला शिकवली जाई. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत अन्न, आरोग्य, शिक्षण आणि मुलाचे मत ऐकून घेणे या गोष्टी वेगवेगळ्या कलमांत आल्या आहेत. छत्रात त्या एकाच दिवसाच्या दिनक्रमात होत्या. बालहक्क शिकवायचे तर तिथूनच, म्हणजे शाळेच्या रोजच्या दिवसातून शिकवावेत, असे माझे ठाम मत आहे. नागरिकशास्त्राचा धडा नंतर आला तरी चालेल.

यावर कोणी म्हणेल की छत्र हा राजाचा धर्मादाय होता, त्याला हक्क कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे. राजाची मर्जी फिरली किंवा कंपनीने खर्च रोखला, तर त्या मुलाला दाद मागायला जागा नव्हती. मिळालेल्या घासाबद्दल त्याने कृतज्ञ राहायचे, एवढीच त्याची भूमिका. नेमका हाच फरक सहा-सात वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचवायचा आहे. तमिळनाडूत मुख्यमंत्री कामराजांच्या काळात, १९५६ साली शालेय भोजनाची योजना सुरू झाली, १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती खूप विस्तारली, आणि अलीकडे सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही मिळू लागली. ताटात वाढलेला सांबारभात दया म्हणून आला की हक्काने, हे मुलाला ताट सांगत नाही. वाढणाऱ्याची वागणूक सांगते. रांगेत आधी कोण बसते, पाण्याच्या भांड्याला कोणाचा हात लागू देतात, भात कच्चा राहिला तर मुलाने ते कोणाला सांगायचे, या प्रश्नांची उत्तरे मूल रोज दुपारी शिकत असते, शिकवा अथवा शिकवू नका. मुलांनी पाळीपाळीने वाढावे, जेवणाची चव घेऊन वहीत नोंद करावी आणि त्या नोंदीवर मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन उत्तर द्यावे. यातले शेवटचे पाऊल गाळले, तर बाकीचे सारे नुसते काम होऊन बसते.

तंजावूर जिल्ह्यातल्याच कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी जे घडले, त्याकडे पाठ फिरवून हा विषय मांडता येणार नाही. भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि दाटीवाटीच्या त्या शाळेत ९४ मुले गेली. भारताने बालहक्क संहिता १९९२ सालीच स्वीकारली होती. कागदावर त्या मुलांना जगण्याचा आणि सुरक्षिततेचा हक्क पुरेपूर होता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले. हा निकाल तिसरीच्या मुलांना कसा शिकवायचा? वर्गाचा नकाशा काढायला लावून. दारे किती, खिडक्यांना गज आहेत का, जिना किती अरुंद आहे, कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे मुलांनी मोजावे, विचारावे, रंगवावे. परिसर अभ्यासात नकाशा शिकवतातच, त्यामुळे वेगळा तास लागत नाही. वेळ नाही ही तक्रार इथे टिकत नाही.

यापेक्षा जड आक्षेप आहे तो वयाचा आणि शिस्तीचा. एवढ्या लहान मुलांना हक्क काय कळणार, आणि कळले तर ती उद्धट होणार नाहीत का, कर्तव्ये आधी नकोत का? हक्काची व्याख्या त्यांना कळणार नाही, हे मान्य. पण अन्याय त्यांना फार लवकर कळतो; खेळात पाळी चुकवली की पहिलीतले मूलही हटून बसते. त्या जाणिवेला भाषा देणे हे शिक्षकाचे काम आहे. तंजावूरातच सरफोजींच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोधमुक्तावली’ निघाली, इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांपैकी एक मुलांच्या गोष्टींचे असावे, याचा मला अभिमान वाटतो. लांडगा आणि कोकरू ही इसापची गोष्ट घेऊन वर्गात सुनावणी भरवा: कोकराचे म्हणणे कोणी ऐकले, लांडग्याने कारण आधी शोधले की निकाल आधी ठरवला? मग लांडग्याच्या बाजूनेही एकाने बोलावे. दुसऱ्याचे पुरते ऐकून घेण्याचे कर्तव्य मुले इथेच शिकतात, कारण आपली पाळी येणार याची त्यांना खात्री असते. ही खात्री नसताना सांगितलेले कर्तव्य म्हणजे नुसती आज्ञा.

मात्र उपक्रमांनी भिंती सजवल्या आणि शिक्षकाच्या हातात छडी तशीच राहिली, तर मुले छडीचाच धडा घेतील. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे, आणि ते कलम मुलांना त्यांच्या भाषेत सांगायला अनेक शाळा अजून कचरतात. तंजावूरच्या शाळेत ते तमिळमध्ये सांगावे लागेल, महाराष्ट्रात मराठीत, सीमाभागात मूल जी भाषा घरी बोलते तीत. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना तीन-चतुर्थांश जागा दिल्या आहेत. मुलांनी काढलेला दारे-जिन्यांचा नकाशा आणि जेवणाची वही या समितीच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय म्हणून ठेवावी, आणि काय ठरले ते दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवावे.