नाफ्टा करार आणि अमेरिका–मेक्सिको सीमेवरील रोजगार

उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार (नाफ्टा) हा कॅनडा, मेक्सिको आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने या तीन देशांमधील करार १ जानेवारी १९९४ ते ३० जून २०२० या काळात अमलात होता. त्याचा सीमावर्ती रोजगारावर दोन प्रकारे परिणाम झाला. आयातशुल्क हटल्यामुळे कारखान्यांच्या जागा बदलल्या, तसेच सीमा ओलांडणाऱ्या रस्त्यांवरील मालवाहतूक वाढल्यामुळे गोदामे, सीमाशुल्क दलाली आणि ट्रकवाहतूक यांत नवी कामे निर्माण झाली. संपूर्ण देशाच्या आकडेवारीत हा परिणाम लहान दिसतो. मात्र गेलेली आणि आलेली कामे वेगवेगळ्या गावांत व वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला आल्याने स्थानिक पातळीवर तो मोठा ठरला.

पार्श्वभूमी

मेक्सिकन शेतमजुरांना अमेरिकेत हंगामी काम देणारा ब्रासेरो कार्यक्रम १९४२ पासून चालू होता. तो १९६४ मध्ये बंद झाल्यावर सीमेलगतच्या मेक्सिकन शहरांत बेरोजगारी वाढली. त्यावर उपाय म्हणून मेक्सिको सरकारने १९६५ मध्ये सीमावर्ती औद्योगिकीकरण कार्यक्रम सुरू केला. यातून ‘माकिलादोरा’ म्हणून ओळखले जाणारे जुळणी कारखाने उभे राहिले. या कारखान्यांना सुटे भाग व कच्चा माल शुल्काशिवाय आणता येई आणि तयार माल निर्यात करावा लागे. सुरुवातीच्या काळात तेथील कामगारांत तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे कारखान्यांचे सीमेकडे सरकणे नाफ्टापूर्वीच सुरू झाले होते. कराराने त्याला वेग दिला.

कारखान्यांमधील रोजगार

माकिलादोरा कारखान्यांतील कामगारांची संख्या १९९३ मध्ये सुमारे साडेपाच लाख होती. २००० मध्ये ती सुमारे १३ लाखांवर गेली. या वाढीचे सर्व श्रेय कराराला देता येत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकन पेसोचे मोठे अवमूल्यन झाले व डॉलरच्या हिशेबाने तेथील मजुरी एकाएकी स्वस्त झाली. त्याच काळात अमेरिकेची अर्थव्यवस्थाही तेजीत होती. २००१ मध्ये अमेरिकेत मंदी आली, डिसेंबरमध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला आणि माकिलादोरांतील रोजगार घटला. कमी मजुरीच्या बळावर आलेली काही कामे आणखी स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेली.

सीमेच्या उत्तरेस टेक्सासमधील एल पासो शहराला याची मोठी झळ बसली. हे शहर तयार कपड्यांच्या, विशेषतः जीन्सच्या, उत्पादनाचे केंद्र होते. नाफ्टानंतर तेथील शिलाई कारखाने एकामागून एक बंद पडले. काम गमावलेल्यांत अनेक वर्षे शिवणयंत्रावर काम केलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया बहुसंख्य होत्या. बाधित कामगारांसाठी अमेरिकी सरकारची भत्ता व पुनर्प्रशिक्षणाची योजना होती. परंतु बहुतेक प्रशिक्षण इंग्रजीतून असल्याने या कामगारांना आधी भाषा शिकावी लागे आणि योजनेची मुदत त्यातच संपत येई. ‘ला मुहेर ओब्रेरा’ ही कामगार स्त्रियांची संघटना या प्रश्नावर एल पासोमध्ये पुढे आली.

महामार्ग आणि सीमेवरील पूल

टेक्सासमधील लारेडो आणि रिओ ग्रांदे नदीपलीकडचे नुएव्हो लारेडो ही जोडशहरे दोन्ही देशांतील मुख्य रस्त्यांच्या टोकांवर वसली आहेत. लारेडोपासून सुरू होणारा आंतरराज्य महामार्ग ३५ मिनेसोटातील डुलुथपर्यंत जातो, तर नुएव्हो लारेडोहून महामार्ग ८५ मोंतेर्रेमार्गे मेक्सिको सिटीकडे जातो. वाढत्या मालवाहतुकीसाठी लारेडो येथे १९९१ मध्ये कोलंबिया पूल आणि २००० मध्ये केवळ मालट्रकांसाठी आठ पदरी जागतिक व्यापार पूल खुला झाला. लारेडोची लोकसंख्या १९९० मध्ये १,२२,८९९ होती; ती २००० मध्ये १,७६,५७६ झाली.

येथील रोजगार माल सीमेवर थांबण्याशी निगडित आहे. मेक्सिकोच्या अंतर्भागातून आलेला ट्रक आपला ट्रेलर नुएव्हो लारेडोत सोडतो. ‘ट्रान्सफर’ नावाने ओळखले जाणारे स्थानिक वाहन तो ट्रेलर पुलापलीकडे नेते आणि लारेडोतील आवारातून तिसरे, अमेरिकी वाहन तो पुढे ओढते. दरम्यान कागदपत्रे, तपासणी आणि साठवण यांसाठी सीमाशुल्क दलाल, हमाल व गोदाम कामगार लागतात. ट्रान्सफर चालकांना बहुधा फेरीनुसार मोबदला मिळत असल्याने रांगेतील विलंबाचा भार त्यांच्यावरच पडतो.

ट्रकवाहतुकीचा वाद

नाफ्टानुसार मेक्सिकन ट्रकांना डिसेंबर १९९५ पासून अमेरिकेच्या सीमावर्ती राज्यांत आणि जानेवारी २००० पासून संपूर्ण देशात प्रवेश मिळणार होता. सुरक्षिततेचे कारण देऊन अमेरिकेने तो रोखला. टीमस्टर्स या वाहनचालकांच्या संघटनेचा या प्रवेशाला तीव्र विरोध होता. फेब्रुवारी २००१ मध्ये लवाद मंडळाने अमेरिकेने कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला. २००७ मध्ये सुरू झालेला प्रायोगिक कार्यक्रम २००९ मध्ये बंद करण्यात आला, तेव्हा मेक्सिकोने सुमारे २४० कोटी डॉलरच्या अमेरिकी मालावर प्रत्युत्तरादाखल शुल्क लावले. २०११ मध्ये तडजोड झाली.

या वादात सीमेवरील शहरांचे हितसंबंध गुंतागुंतीचे होते. व्यापार वाढल्याने तेथे कामे आली. परंतु ट्रक न थांबता थेट पुढे जाऊ लागल्यास हीच मधली कामे कमी होण्याचा धोका होता. अर्धवट खुली सीमा हाच तेथील अनेकांच्या उपजीविकेचा आधार होता.

अभ्यास आणि मतभेद

अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००३ मध्ये नाफ्टाचा अमेरिकेच्या एकूण उत्पादनावरील परिणाम अत्यल्प असल्याचा निष्कर्ष काढला. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार मेक्सिकोबरोबरच्या व्यापार तुटीमुळे २०१० पर्यंत अमेरिकेतील ६,८२,९०० नोकऱ्या गेल्या. आयात झालेला माल अन्यथा देशातच तयार झाला असता, हे या पद्धतीतील गृहीतक अनेक अर्थतज्ज्ञांना मान्य नाही.

शुशानिक हाकोब्यान आणि जॉन मॅकलारेन यांनी १९९० व २००० च्या जनगणनेच्या आधारे स्थानिक परिणाम तपासले. मेक्सिकन आयातीला सर्वाधिक सामोरे गेलेल्या उद्योगांत व परिसरांत कमी शिकलेल्या कामगारांची वेतनवाढ लक्षणीयरीत्या मंदावल्याचे त्यांना आढळले. अशा परिसरांत आयातीशी थेट संबंध नसलेल्या सेवाक्षेत्रातील कामगारांनाही त्याची झळ बसली, कारण कारखान्यांतून बाहेर पडलेले लोक त्याच कामांसाठी स्पर्धा करू लागले.

नंतरचा करार

१ जुलै २०२० रोजी नाफ्टाची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली. मोटारींना शुल्कमाफी मिळण्यासाठी आवश्यक प्रादेशिक मूल्याचे प्रमाण ६२.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ७५ टक्के करण्यात आले. वाहनाच्या मूल्याचा ४० ते ४५ टक्के भाग तासाला किमान १६ डॉलर वेतन असलेल्या कामगारांकडून यावा, अशी अटही घालण्यात आली. कामगारांचा संघटना करण्याचा हक्क डावलल्यास विशिष्ट कारखान्याविरुद्ध जलद कार्यवाही करण्याची तरतूदही या करारात आहे.